हलव्याचे दात



२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. शब्बाथच्या दिवशी मी सिनेगॉगमध्ये गेले ती उजव्या हाताला मनगटापासून अर्ध्यापर्यंत पांढरं बँडेज बांधून. आपल्या बायका लगेच भोवती जमल्या. "पडलीस काय गं?" "तेल उडालं वाटतं हातावर?" एकीने तर "या वयात एकटीने बाथरूम धुवायला जाऊ नये बाई" असा उपदेशही करून टाकला. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मला हलवा चावला."

क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "रोश हशानाचा हलवा अजून संपला नाही काय? कडक झाला असेल!"

सगळे हसले, मीही हसले. पण त्या आठवड्यात आमच्या घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. तीच हकीकत आज लिहायला बसले आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या मुलांनी, नातवंडांनी घरात कुत्री आणलेली आहेत, आणि दिवसा ती सांभाळायला आजी-आजोबाच असतात. त्यांना याचा उपयोग व्हावा, आणि मुलांनीही आजीकडून हे वाचून घ्यावं, म्हणून हा लेख.

आमचा हलवा म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आई कॉकर स्पॅनियल, बाप पूडल, म्हणजे इथले लोक ज्याला कॉकापू म्हणतात तो. माझी मुलगी, जावई, दहा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू इलफर्डला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात. २०२० च्या लॉकडाऊनपासून नातीचं एकच टुमणं होतं, कुत्रा हवा. चार वर्षं मुलीने दाद दिली नाही. शेवटी २०२४ च्या ६ ऑक्टोबरला, रविवारी, पिल्लू घरी आलं. रोश हशाना नुकताच झाला होता, आणि मी केलेला गुळाचा चिकाचा हलवा ताटात थोडा शिल्लक होता. नातीने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. रंग अगदी तोच! नाव तिथेच ठरलं.

पिल्लू नऊ आठवड्यांचं होतं. इथे परवाना घेऊन पिल्लं विकणाऱ्याला आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून 'लूसीज लॉ' लागू झाला. दुकानदाराने किंवा दलालाने मधे राहून सहा महिन्यांखालची पिल्लं विकणं बंद झालं. ज्याच्याकडे पिल्लू जन्मलं त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि आईजवळ असताना पाहून घ्यायचं. हे नियम दयेचे आहेत तसेच शहाणपणाचेही आहेत. पिल्लू आपल्या आईकडून आणि भावंडांकडून काहीतरी शिकत असतं. काय ते पुढे सांगते.

मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करतात. म्हणून सकाळी नऊ ते मुलं शाळेतून येईपर्यंत हलव्याला मी सांभाळायचं असं ठरलं. मी 'हो' म्हणाले खरी. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मला कुत्र्यांची भीती वाटते.

ही भीती मुंबईहून माझ्याबरोबर आली. मी माझगावात वाढले, आपल्या सर एली कदूरी शाळेत शिकले. १९५७ साली मी सात वर्षांची आणि माझा थोरला भाऊ दहा वर्षांचा. शाळेतून येताना एका गोदामापाशी एक कुत्रा धावत आला आणि भावाच्या पोटरीला चावून निघून गेला. जखम एवढीशी. पण आईचा चेहरा पाहून मला कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

त्या काळचा हिशेब असा होता. चावलेला कुत्रा सापडला, आणि दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत राहिला, तर तो पिसाळलेला नव्हता. आमचा कुत्रा काही सापडला नाही. मग दवाखाना, आणि पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, इंजेक्शनं. रोज एक, अशी चौदा. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत असत. सर डेव्हिड सेम्पल यांनी ती १९११ मध्ये कसौलीला तयार केली होती. भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आता नवी लस दंडावर देतात, आणि टोचणंही चार-पाचच असतात. पण त्या वेळी भाऊ रोज रडत जायचा आणि पोट धरून वाकत घरी यायचा.

पप्पा त्याला धीर द्यायला दोन गोष्टी सांगत. पहिली लुई पाश्चरची. १८८५ साली पॅरिसमध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी लस टोचली आणि मुलगा वाचला. दुसरी गोष्ट डॉक्टर हाफकिन यांची. हे ओडेसाचे ज्यू, पाश्चरच्या संस्थेत काम करून पुढे हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेला आजही त्यांचं नाव आहे. पप्पा म्हणत, "आपल्या माणसाने स्वतःच्या अंगात सुई घातली, तू कशाला रडतोस?" भाऊ तरीही रडायचा. मी दाराआडून ऐकायची. मला वाटतं, नर्स व्हायचं मी तिथेच ठरवलं, आणि कुत्र्याजवळ जायचं नाही हेही तिथेच ठरवलं.

१९६९ मध्ये मी नर्सिंग शिकायला लंडनला आले. इथे कुत्री सोफ्यावर बसलेली पाहून माझा जीव घाबरा व्हायचा. एका सिस्टरने मला समजावलं, या देशात रस्त्यावरच्या कुत्र्याचा रेबीज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने कुत्र्यांना मुसकी बांधायला लावून तो हटवला होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला आणि १९२२ पर्यंत पुन्हा गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने वेगळं ठेवत. मी ऐकलं, डोक्याला पटलं. पण मनाला पटायला पुढची पंचावन्न वर्षं लागली.

आता चावण्याकडे वळते. पिल्लू आल्यापासून चावत होतंच. बूट, टेबलाचा पाय, माझ्या गाऊनचा पट्टा, नातवाचे मोजे (पाय आत असताना). मी तोंडाने "अरे अरे" करायची आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसायची.

मग ५ नोव्हेंबर आला. वाचकांना ठाऊक आहे, त्या दिवशी इथे गाय फॉक्सचे फटाके. त्या वर्षी दिवाळीही त्याच आठवड्यात होती, त्यामुळे इलफर्डमध्ये रात्रंदिवस धडाडधूम चालू होतं. तेरा आठवड्यांचं पिल्लू दिवसभर झोपलं नाही. संध्याकाळी मुलं घरभर धावत होती, बाहेर बाण सुटत होते, आणि हलवा वेड्यासारखा गोल गोल पळत होता. मी त्याला धरायला हात पुढे केला. त्याने माझं मनगट पकडलं. मी किंचाळले आणि हात जोरात मागे ओढला.

चूक तिथे झाली. दात टोचले होते एवढेसेच. पण माझी कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, ओढल्याबरोबर ती मनगटावरून टर्रकन फाटली. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून मी रक्त पातळ करायची गोळी घेते. रक्त थांबेना. किचनच्या फरशीवर रक्त, नातू कोपऱ्यात थिजून उभा, नात रडतेय. मुलगी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावणार होती. शेवटी मीच तिला सांगितलं: नळाखाली हात धर, साबण लाव, मग स्वच्छ कापड घेऊन पंधरा मिनिटं घट्ट दाब, मधे मधे उघडून बघू नकोस. जखम मनगटावरची, आणि माझं वय हे असं. म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि धनुर्वाताची इंजेक्शनं पूर्ण झाली आहेत ना ते विचारून घेतलं.

रात्री मला घरी सोडताना जावई गाडीत हळूच म्हणाले, "आई, आम्ही त्याला परत देऊन टाकतो. तुमच्यापेक्षा कुत्रा मोठा नाही." ते अगदी मनापासून बोलत होते. माझ्या मनात आलं, बरं झालं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी नात शाळेतून आली ती सरळ जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसली. दाराबाहेरून मी हाका मारल्या तेव्हा आतून म्हणाली, "आजी, त्याला माहीत नव्हतं तुझी कातडी पातळ आहे."

हे वाक्य मला लागलं. चाळीस वर्षं वॉर्डात काम केलं. गोंधळलेल्या म्हाताऱ्या पेशंटांनी मला ओरबाडलं आहे, चावलं आहे, एकाने तर पाण्याचा जग फेकून मारला. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. का चावला, केव्हा चावला, त्याला दुखतंय कुठे, हे आम्ही आधी बघायचो. मग या एवढ्याशा जिवाच्या बाबतीत मी ते का नाही पाहिलं? मी मुलीला म्हटलं, "मला एक महिना द्या. नंतर तुम्ही म्हणाल तसं."

आधी मी वाचलं, आणि पशुवैद्याकडे जाऊन विचारलं. त्यातून कळलं ते थोडक्यात सांगते. मुलांनो, हे तुमच्यासाठी. माणसाच्या मुलाला दुधाचे दात २०, कुत्र्याच्या पिल्लाला २८. आपल्याला मोठेपणी ३२, त्याला ४२. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पडायला लागतात. सहा-सात महिन्यांत सगळे नवे दात आलेले असतात. मधल्या काळात त्याच्या हिरड्या सुजतात, शिवशिवतात, आणि काहीतरी चावल्याशिवाय त्याला राहवत नाही. तुमचं तान्हं भावंड मूठ तोंडात घालतं ना, तसंच. फरक एवढाच की पिल्लाला हात नाहीत. जगातली प्रत्येक वस्तू ते तोंडानेच हाताळून बघतं.

आणि ते दात सुईसारखे टोकदार का असतात? पिल्लाच्या जबड्यात जोर नसतो, पण दातांना धार असते. भावंडांशी खेळताना ते जोरात चावलं की दुसरं पिल्लू केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईही उठून जाते. मग पिल्लाला कळतं, एवढ्या जोराने चावलं तर खेळ संपतो. आठ आठवडे आईजवळ राहून ते हा धडा शिकतं, तो असा. पण तो धडा कुत्र्याच्या केसाळ कातडीवर गिरवलेला असतो. माणसाची कातडी, त्यातही पंचाहत्तरीच्या बाईची कातडी, किती नाजूक असते हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ते शिकवणं आपलं काम. माझ्या नातीने कपाटात बसून नेमकं हेच सांगितलं होतं.

मग मी वॉर्डात करायची ते केलं. कागदावर चार्ट आखला आणि फ्रिजवर लावला. कधी चावला, कोणाला, त्याआधी काय चाललं होतं, आणि आपण काय केलं. जो पाहील त्याने लिहायचं. नातवाने आपल्या रकान्यात एकदा लिहिलं, "मी त्याची शेपटी ओढली होती." खरं बोलल्याबद्दल त्याला बिस्कीट दिलं.

चार दिवसांतच चित्र स्पष्ट झालं. सकाळी हलवा जवळजवळ चावतच नव्हता. चावे सगळे दुपारी चार ते सातच्या दरम्यान. मुलं घरी येतात, धावाधाव होते, आणि पिल्लू सकाळपासून माझ्यामागे फिरून दमलेलं असतं. एवढ्या वयाचं पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं. मी त्याला झोपू देत नव्हते! उठलं की खेळव, कुरकुरलं की उचल. झोप अपुरी झालेलं मूल संध्याकाळी कसं किरकिरतं हे दोन पोरं वाढवलेल्या बाईला सांगायला लागावं? त्या दिवसापासून मुलं यायच्या आधी दोन तास त्याला पिंजऱ्यात, वरून चादर टाकून, झोपवायला लागलो. निम्मे चावे तिथेच गेले.

उरलेले निम्मे आमच्याच वागण्यामुळे होते. कोण "नो" म्हणत होतं, कोण "स्टॉप इट", मी "नको रे बाबा", आणि जावई नुसतंच "ए!" पिल्लाने समजायचं तरी काय? आम्ही टेबलाशी बसून एक शब्द ठरवला. नातीने निवडला: "हळू". आता घरात चौघेजण दिवसातून पन्नास वेळा मराठी बोलतात, आणि ते कुत्र्याशी. असो, कुठून तरी सुरुवात!

नियमही एकच ठरला, सगळ्यांसाठी सारखा. दात लागले की हात ओढायचा नाही. हलणारा हात म्हणजे त्याला खेळ वाटतो, आणि ओढल्याने कातडी फाटते ते वेगळंच. हात ढिला सोडायचा, शांतपणे "हळू" म्हणायचं, उठायचं, हाताची घडी घालायची आणि लहान मुलांसाठी असतं तसल्या फाटकापलीकडे जाऊन अर्धा मिनिट उभं राहायचं. रागवायचं नाही, बघायचंही नाही. मग परत येऊन त्याच्यापुढे चावायची वस्तू ठेवायची. ती त्याने धरली की शाबासकी. पूर्वी लोक सांगायचे, पिल्लू चावलं की मोठ्याने केकाटा. काही पिल्लं त्याने थांबतात, पण पुष्कळांना आणखीच चेव येतो. हलवा त्यातला. नाकावर वर्तमानपत्र मारणं, तोंड दाबून धरणं हेही करू नका. डॉग्स ट्रस्ट, ब्लू क्रॉस या इथल्या संस्था हेच सांगतात. मारलेलं पिल्लू हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेला कुत्रा पुढे खरोखरच चावतो.

हे लिहायला सोपं आहे. ज्या बाईने अठ्ठावन्नपर्यंत वाढलेल्या पेशंटाच्या श्वासाला न घाबरता तोंड दिलं, तिला एका पिल्लाच्या तोंडात हात ढिला सोडता येत नव्हता. दात लागले की मला १९५७ मधली पोटरी दिसायची. पहिल्या दिवशी मी तीनदा ओढला. मग जावयाचा जाड कोट घातला, त्याच्या बाह्या खाली ओढून घेतल्या आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलवा उलट जास्तच चावायला लागला. मुलगी म्हणाली, "बघ, उपयोग नाही." मी म्हटलं, थांब. जे पूर्वी मिळत होतं ते मिळेनासं झालं की कोणीही आधी जोर वाढवून पाहतं. पेशंट घंटी वाजवतो, कोणी आलं नाही तर आणखी जोरात वाजवतो. सातव्या दिवशी जोर ओसरला. दहाव्या दिवशी दात लागले आणि त्याने स्वतःच तोंड उघडून माझा हात सोडला, वर माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी चार्टवर काही लिहिलं नाही. पुसून घेतले डोळे.

चावायला काय द्यावं? ओला पंचा पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायचा. गार लागला की हिरड्यांना बरं वाटतं. गार गाजर चालतं, पण समोर बसून, तुकडा घशात अडकू नये म्हणून. पिल्लांसाठीची रबरी खेळणी उत्तम. आपला अंगठ्याचा नख दाबला तर ज्यावर खूण उमटत नाही ती वस्तू दातांना फार कडक समजावी. शिजवलेली हाडं कधीही नाहीत, त्यांच्या चिरफळ्या होतात. बाळाच्या हिरड्यांना लावायचं जेल कुत्र्याला लावू नये. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला मारक आहे. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि मनुका हेही तसेच.

मनुकांचं विशेष सांगते, कारण आपल्या घरातलीच गोष्ट आहे. दर शुक्रवारी किद्दुशच्या शरबतासाठी आपण काळ्या मनुका भिजत घालतो. डिसेंबरच्या एका शुक्रवारी भिजवताना माझ्या हातून चार-पाच खाली सांडल्या आणि हलव्याने झडप घातली. पूर्वी मी धावले असते, आणि त्याने पळत पळत गिळल्या असत्या. या वेळी मी जागेवरून हलले नाही. "सोड" म्हटलं आणि कोंबडीचा तुकडा दाखवला. त्याने दोन मनुका टाकल्या. बाकीच्यांची खात्री नव्हती, म्हणून लगेच पशुवैद्याकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन देऊन ओकवलं, एक मनुका निघाली. मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्या तर चालतात असा हिशेब कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा वाट बघत बसू नका. आमच्याकडे आता शरबताचं भांडं वरच्या फळीवर असतं.

महिना भरला तेव्हा मी कोणाला आठवण करून दिली नाही, आणि कोणी विषयही काढला नाही. त्याच सुमारास नातवाचा समोरचा दात पडला, आणि दोन दिवसांनी गालिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा हलव्याचा दात सापडला. खेळण्यावर थोडं रक्त दिसतं, त्याने घाबरू नये. नातवाच्या दाताचे त्याला उशीखाली पैसे मिळाले. हलव्याचा दात कुठे ठेवायचा? मी सांगितलं, आमच्या लहानपणी पडलेला दात कौलांवर फेकायचे. मग मी, नात आणि नातू अंगणात गेलो आणि शेडच्या छपरावर दोन्ही दात फेकले. मार्चपर्यंत हलव्याच्या तोंडात ४२ दात होते, आणि माझ्या हातावर एकही नवा ओरखडा नव्हता.

एक नियम मात्र आम्ही आजही पाळतो. कुत्रा कितीही गुणी असो, लहान मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडायचं नाही. मुलांनो, जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नका. तो अंगावर उड्या मारायला लागला तर पळू नका, झाडासारखे उभे राहा. आणि तुम्ही भारतात सुट्टीला गेलात आणि रस्त्यावरच्या कुत्र्याने चावलं, अगदी ओरखडा निघाला तरी, मोठ्यांपासून लपवू नका. साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. जगात रेबीजने दरवर्षी अंदाजे एकोणसाठ हजार माणसं मरतात, आणि जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्याने. वेळेवर लस घेतली तर हे मरण टळतं. माझी आई घाबरली होती ती उगीच नव्हे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माझा तोच भाऊ अश्दोदहून आमच्याकडे आला. वय अठ्ठ्याहत्तर. अजूनही समोरून कुत्रा आला तर रस्ता ओलांडतो. पहिले चार दिवस त्याने दोन्ही हात खिशात ठेवून चहा कसा प्यायला ते त्यालाच ठाऊक. आई म्हणायची ती म्हण त्याने मला ऐकवली, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मी म्हटलं, "शेपूट राहू दे वाकडं. मी फक्त दात सरळ केले."

पाचव्या दिवशी बागेत बसलो होतो. भावाने एक हात खिशातून काढला. तळव्यावर गाजराचा तुकडा होता, कधी घेतला कोण जाणे. हात थरथरत होता. नात लांबूनच म्हणाली, "हळू, हलवा, हळू." हलव्याने मान खाली घातली आणि ओठांनी, दात न लावता, तुकडा उचलला.

भाऊ बराच वेळ आपल्या ओल्या तळव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चौदा इंजेक्शनं फुकट गेली म्हणायची."

संध्याकाळी मी पाहिलं तर तो किचनमध्ये दुसरं गाजर कापत होता.